नियम विकणारा माणूस

नेदरलँड्समधल्या अल्मेरे गावात १६ सप्टेंबर १९९९ रोजी नऊ अनोळखी माणसं एका तात्पुरत्या उभारलेल्या घरात राहायला गेली. घरात २४ कॅमेरे आणि ५९ मायक्रोफोन होते. टीव्ही, फोन, वर्तमानपत्र यांतलं काहीच नव्हतं. अंगणात कोंबड्या होत्या, भाजीचा वाफा होता आणि किराण्याला मोजकेच पैसे मिळायचे. या माणसांना कोणी संवाद लिहून दिले नव्हते की कोणी त्यांच्या तालमी घेतल्या नव्हत्या. त्यांनी रांधलं, भांडी घासली, एकमेकांची उणीदुणी काढली; त्यातली दोघं प्रेमातही पडली. १०६ दिवसांनी, ३० डिसेंबरला, शेवटी उरलेला माणूस अडीच लाख गिल्डर जिंकून बाहेर आला, तेव्हा तो देशातल्या सर्वांत ओळखीच्या चेहऱ्यांपैकी एक झाला होता.

पुढचं ऐकलं की आणखी चकित व्हायला होतं. मार्च २००० मध्ये स्पेनच्या टेलेफोनिका या बलाढ्य दूरसंचार कंपनीनं हा कार्यक्रम काढणारी एंडेमॉल ही कंपनी साडेपाच अब्ज युरोंना घ्यायचं ठरवलं. एंडेमॉलकडे मालिका होत्या, स्टुडिओ होते, कर्मचारी होते, हे खरं. पण तिचा भाव गगनाला भिडवणारी चीज वेगळीच होती, आणि ती कागदावर उतरवली तर जेमतेम काही पानं भरली असती. कोणी आत जायचं, आत काय न्यायचं नाही, कोणी कोणाला बाहेर काढायचं, बक्षीस काय. थोडक्यात, नियम.

त्या नियमांमागचा माणूस म्हणजे जॉन डे मोल. ते पडद्यावर फारसे दिसत नाहीत, नाव सांगितलं तर आपल्याकडे कोणाला ओळखूही येणार नाही. पण ‘बिग ब्रदर’, ‘डील ऑर नो डील’, ‘फिअर फॅक्टर’, ‘द व्हॉइस’ ही नावं, किंवा त्यांची ‘बिग बॉस’, ‘खतरों के खिलाडी’ ही देशी रूपं कोणाला ठाऊक नाहीत? या सगळ्यांचा उगम एकाच छोट्या देशात आणि बराचसा या एकाच माणसाच्या कारकिर्दीत सापडतो.

डे मोल यांचा जन्म १९५५ चा, हेग शहरातला. वाढले ते हिल्व्हरसम इथे, म्हणजे डच रेडिओ-टीव्हीच्या माहेरघरात. आजोबांचा वाद्यवृंद होता, वडील गायक होते, आणि धाकटी बहीण लिंडा पुढे नेदरलँड्स आणि जर्मनीतली नावाजलेली निवेदिका झाली. जॉन यांना मात्र पडद्यामागचंच आकर्षण. त्यांची उमेदवारी झाली रेडिओ नोर्डझी या ‘चोरट्या’ केंद्रात. हे केंद्र जमिनीवर नव्हतंच. किनाऱ्यापासून दूर समुद्रात नांगरलेल्या जहाजावरून गाणी वाजवली जायची, कारण देशात खासगी प्रसारणाला परवानगी नव्हती. १९७४ मध्ये कायदा आला आणि जहाज गप्प झालं. नियमाच्या कुंपणाबाहेर उभं राहून धंदा कसा करता येतो आणि कुंपण हललं की तो कसा बुडतो, हे या तरुणानं विशीच्या आतच पाहिलं.

१९७९ मध्ये त्यांनी स्वतःची निर्मितीसंस्था काढली. तेव्हाचं डच टीव्ही सार्वजनिक संस्थांच्या ताब्यात होतं. १९८९ मध्ये लक्झेंबर्गमार्गे पहिली व्यापारी वाहिनी डच घरांत पोहोचली आणि चित्र पालटलं. वाहिनीला रोज संध्याकाळ भरून काढायची होती आणि तीही स्वस्तात. डे मोल यांनी ती गरज ओळखली. प्रेमपत्रं, लग्नं, दुरावलेल्या जोडप्यांची भेट असे सामान्य माणसांच्या भावनांवर उभे असलेले कार्यक्रम त्यांनी काढले. लग्नाचा कार्यक्रम जर्मनीतही गेला आणि तिथे लिंडानंच तो १९९२ पासून गाजवला. १९९४ मध्ये डे मोल यांनी आपले कट्टर स्पर्धक योप फान डेन एन्डे यांच्याशी हातमिळवणी केली आणि दोघांच्या आडनावांतून ‘एंडेमॉल’ उभी राहिली.

डच मालिका कितीही चांगली असली तरी परदेशात ती विकायची कशी? ही भाषा बोलणारे जगात मोजकेच. मराठी निर्मात्याला ही अडचण वेगळी समजावून सांगायला नको. अमेरिकन मालिका जगभर जशीच्या तशी चालते, डच मालिका चालत नाही. पण लग्नाच्या कार्यक्रमाचा सांगाडा जर्मनीत नेला तर तिथली माणसं जर्मनमध्ये रडतात, जर्मनमध्ये हसतात. सांगाड्याला भाषा नसते. छोट्या भाषेच्या देशानं भाषेशिवाय विकता येईल असा माल शोधून काढला. डे मोल यांचं सगळं कर्तृत्व या एका जाणिवेतून फुटत गेलं आहे, असं मला वाटतं.

सप्टेंबर १९९७ मधल्या एका बैठकीत ते तीन सहकाऱ्यांसोबत नव्या कल्पनांचा खल करत होते. बोलता बोलता विषय निघाला अमेरिकेतल्या ‘बायोस्फिअर २’चा. ॲरिझोनाच्या वाळवंटातल्या त्या प्रचंड काचघरात १९९१ मध्ये आठ जण दोन वर्षांसाठी बंद झाले होते. बंदिस्त जागेत माणूस स्वतःचा प्राणवायू आणि अन्न निर्माण करून जगू शकतो का, हा प्रयोगाचा हेतू. पण लोकांच्या लक्षात राहिलं ते दुसरंच: त्या आठांचे चार-चारचे दोन गट पडले आणि त्यांच्यातून विस्तव जाईना. विज्ञानाच्या दृष्टीनं ती अडचण होती. डे मोल यांना तोच कार्यक्रम वाटला.

पहिला आराखडा होता ‘सोन्याचा पिंजरा’: एका आलिशान घरात सहा माणसं, अख्खं वर्ष, आणि टिकून राहील त्याला दहा लाख गिल्डर. पुढच्या दोन वर्षांत त्यावर जे कातरकाम झालं ती या धंद्यातली खरी कारागिरी. वर्षाचे साधारण शंभर दिवस झाले, कारण प्रेक्षकाचा धीर एक वर्ष टिकत नाही. आलिशान घराचं साधं घर झालं. जिथे सगळं मिळतं तिथे माणसं आपापल्या कोपऱ्यात पहुडतात. साखर संपत आली की मात्र सगळे स्वयंपाकघरात जमतात आणि बोलतात. टंचाई हे संवाद लिहिणारं यंत्र आहे. नाव घेतलं ते जॉर्ज ऑर्वेल यांच्या १९४९ च्या कादंबरीतल्या सर्वसाक्षी हुकूमशहाचं: ‘बिग ब्रदर’.

मग आला तो नियम, ज्याच्यावर सगळा डोलारा उभा आहे. घरातल्यांनी गुपचूप नावं सुचवायची आणि त्यांतून कोणाला काढायचं ते प्रेक्षकांनी फोन करून ठरवायचं. वरकरणी किती साधं! पण यामुळे प्रत्येक रहिवाशाला एकाच वेळी दोन मालक मिळतात. आतल्यांशी गोड राहावं तर बाहेरच्यांना तो मिळमिळीत वाटतो. बाहेरच्यांसाठी रंगत आणावी तर आतले त्याचं नाव घेतात. या कात्रीतून सुटका नाही. म्हणून लेखक नसतानाही रोज कपट, मैत्री, फितुरी आणि पश्चात्ताप घडत राहतात. भर म्हणून ‘डायरी रूम’: एकेकानं त्या खोलीत यायचं आणि अदृश्य आवाजापाशी मन मोकळं करायचं. आपल्या नाटकांत पात्र पुढे येऊन स्वगत म्हणायचं, त्याचीच ही सोय. चारचौघांत गोड हसणारा माणूस खोलीत येऊन काय बोलतो, हे एकापाठोपाठ एक दाखवलं की नाट्य आपोआप तयार.

कबड्डीचे नियम एका पानात मावतात, पण त्या पानातून निघालेला प्रत्येक सामना वेगळा होतो आणि चढाई करणारा खेळाडू काय करील हे नियम लिहिणाऱ्यालाही सांगता येत नाही. डे मोल असं पान लिहिण्यात वाकबगार.

अर्थात पान लिहून भागत नाही. २४ कॅमेरे २४ तास चालले तर दिवसाला ५७६ तासांचं चित्रण होतं, आणि रोजचा भाग तासाभराच्या आतबाहेर. हे गाळण्याचं काम घराच्या भिंतींमागे चालतं. आरशासारख्या दिसणाऱ्या काचांच्या पलीकडे अंधाऱ्या बोळांत कॅमेरामन उभे असतात. नियंत्रणकक्षात पडद्यांची भिंत असते. या क्षणी कोणाच्या मागे राहायचं हे दिग्दर्शक तिथे ठरवतो. शेजारी नोंदी करणारी मंडळी मिनिटामिनिटाला टंकत असतात: रात्री ११:४२, स्वयंपाकघर, साखर कोणी संपवली यावरून कुरबुर, ११:५०, एक जण रागावून झोपायला गेला. काम कंटाळवाणं, पण हीच वही म्हणजे कार्यक्रमाची स्मरणशक्ती. तीन दिवसांनी तोच माणूस साखरेवरून दुसऱ्याला दोष देताना सापडला, की संकलक जुनी नोंद शोधतो आणि दोन्ही तुकडे शेजारी ठेवतो. संहिता असतेच, ती आधी न लिहिता नंतर लिहिली जाते. म्हणून या खोलीत प्रामाणिकपणाचा कसही लागतो. वेगवेगळ्या वेळी बोललेले शब्द सांधून कोणी न बोललेलं वाक्य तयार करण्याची लबाडी या धंद्यात बदनाम आहे.

हे सगळं ज्ञान मग एका जाडजूड दस्तऐवजात बांधलं जातं. धंद्यात त्याला ‘बायबल’ म्हणतात. घराचा नकाशा, कॅमेऱ्यांच्या जागा, प्रकाशयोजना, संगीत, स्पर्धक कसे निवडायचे, पहिल्या आठवड्यात काय चुकतं, खर्च कुठे वाचवायचा. परदेशी वाहिनी हक्क विकत घेते तेव्हा तिला हे बायबल मिळतं, शिवाय आधीच्या देशांत काम केलेला एक अनुभवी निर्माता पाहुणा म्हणून येतो आणि स्थानिक चमूला हाताशी धरतो. दुसऱ्यांच्या चुकांचा साठा विकत मिळतो, म्हणून वाहिन्या पैसे मोजतात.

पण नुसती कल्पना कोणाच्या मालकीची असू शकते का? ‘ऑपॉर्च्युनिटी नॉक्स’ या ब्रिटिश कार्यक्रमाचे ह्यूई ग्रीन यांनी न्यूझीलंडच्या प्रसारण संस्थेविरुद्ध हा प्रश्न लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत नेला आणि १९८९ मध्ये ते हरले. पुढे ‘सर्व्हायव्हर’ची मूळ कल्पना ज्यांची, त्या चार्ली पार्सन्स यांच्या कंपनीनं ‘बिग ब्रदर’ ही आपलीच नक्कल असल्याचा दावा नेदरलँड्समध्ये लावला. २००४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयात निकाल एंडेमॉलच्या बाजूनं लागला. मात्र न्यायालयांनी एक दार उघडं ठेवलं: सुटी कल्पना कोणाचीच नसते, पण अनेक घटकांची विशिष्ट गुंफण केली तर ती निर्मिती ठरू शकते. म्हणूनच बायबल जितकं बारीकसारीक, तितकी मालकी पक्की.

घर मग देशोदेशी गेलं. जर्मनीत २००० च्या आरंभी मानवी प्रतिष्ठेचा प्रश्न उभा राहिला, राजकारण्यांनी बंदीची भाषा केली. तडजोड म्हणून रहिवाशांना रोज एक तास कॅमेरामुक्त मिळाला. स्पेन, अमेरिका, ब्रिटन त्याच वर्षी आले. भारतात ‘बिग बॉस’ २००६ मध्ये सोनी वाहिनीवर सुरू झाला आणि घर उभं राहिलं लोणावळ्यात. ब्रिटनमध्ये जानेवारी २००७ च्या ‘सेलिब्रिटी बिग ब्रदर’मध्ये शिल्पा शेट्टीला वंशद्वेषी वागणूक मिळाली म्हणून प्रसारण-नियामकाकडे चाळीस हजारांवर तक्रारी गेल्या, तेव्हाचे ब्रिटिश अर्थमंत्री गॉर्डन ब्राऊन यांना भारतदौऱ्यात त्यावर उत्तरं द्यावी लागली, आणि शेवटी स्पर्धा शिल्पानंच जिंकली. तिला त्रास देणाऱ्यांत आघाडीवर होती जेड गुडी. पुढच्या वर्षी शिल्पा सूत्रसंचालन करत असलेल्या ‘बिग बॉस’मध्ये जेड स्पर्धक म्हणून आली आणि तिथे असतानाच तिला फोनवरून कर्करोगाचं निदान कळलं. ती मायदेशी परतली. मार्च २००९ मध्ये तिचं निधन झालं. कोणत्याही बायबलमध्ये असं पान नव्हतं.

मराठीत हे घर एप्रिल २०१८ मध्ये आलं. महेश मांजरेकर सूत्रधार, पहिली विजेती मेघा धाडे. नामांकन तेच, कॅमेरे तसेच, पण घरात मराठीतच बोलायचं असा दंडक, आणि शनिवार-रविवारी सूत्रधारानं घरातल्या वडीलधाऱ्यासारखी सगळ्यांची हजेरी घ्यायची. अल्मेरेतल्या घरात असा वडीलधारा नव्हता. तो आपल्याकडे उगवला. सांगाड्यावर मांस ज्या त्या मातीतलं चढतं ते असं.

नियमाची ताकद किती, हे पाहायचं तर ‘डील ऑर नो डील’ पाहावं. डच मूळ कार्यक्रमात २००२ पासून बंद बॅगांचा खेळ आला आणि लिंडा डे मोल तो चालवू लागली. २६ बॅगा, आत एका सेंटपासून पन्नास लाख युरोपर्यंतच्या रकमा. ना प्रश्न, ना कौशल्य. स्पर्धक एकेक बॅग उघडत जातो आणि मधूनमधून एक अदृश्य ‘बँकर’ त्याला खेळ सोडण्यासाठी रक्कम देऊ करतो. मेख या रकमेत आहे. सुरुवातीला ती उरलेल्या रकमांच्या सरासरीच्या मानानं अगदीच तुटपुंजी असते, पुढे पुढे सरासरीजवळ येते. म्हणजे प्रत्येकाला आधी ‘नाही’ म्हणण्याची सवय लावली जाते.

अर्थशास्त्रज्ञांना हा खेळ म्हणजे घबाडच वाटला. प्रयोगशाळेत कोणी कोणाला लाखो युरो देत नाही; इथे ते टीव्हीवाले देत होते. पुढे २०१७ मध्ये नोबेल मिळालेले रिचर्ड थेलर यांनी तीन सहकाऱ्यांबरोबर २००८ मध्ये या खेळावर शोधनिबंध लिहिला. त्यातल्या एका डच स्पर्धकाची कहाणी विसरता येत नाही. त्याच्या बॅगांतली सरासरी एक लाखावर होती. एका फेरीत पाच लाखांची बॅग निघाली आणि सरासरी अडीच हजारांवर कोसळली. इथून पुढे त्यानं प्रत्येक देकार धुडकावला. शेवटी दोन बॅगा उरल्या, एकीत १० युरो, दुसरीत १०,००० युरो. बँकरनं ६,००० देऊ केले, म्हणजे सरासरीपेक्षाही जास्त. तो नाहीच म्हणाला, आणि १० युरो घेऊन घरी गेला. गमावलेलं परत मिळवण्याच्या नादात माणूस आणखी धोका पत्करतो, हे अर्थशास्त्राला पाठ होतं. डे मोल यांच्या मंडळींनी ते संध्याकाळच्या करमणुकीत बसवलं होतं.

डे मोल २००४ मध्ये एंडेमॉलमधून बाहेर पडले. २००५ मध्ये त्यांनी ‘टाल्पा’ नावाची स्वतःची वाहिनीच काढली, फुटबॉलचे महागडे हक्क घेतले, आणि तरीही दोन वर्षांत तिला टाळं लागलं. याच वाहिनीवर त्यांनी जुना ‘सोन्याचा पिंजरा’ही खऱ्या अर्थानं आणून पाहिला. खेळ रचणं आणि वाहिनी चालवणं ही दोन वेगळी कसबं आहेत, हे त्यांना महागात पडून कळलं.

पण खेळ सुचायचे थांबले नाहीत. १७ सप्टेंबर २०१० रोजी ‘द व्हॉइस ऑफ हॉलंड’ सुरू झाला. गाण्याच्या स्पर्धांचा तेव्हा सुकाळ होता आणि परीक्षकांनी नवख्यांची टर उडवणं हा त्यांचा मसाला. डे मोल यांनी एक खुर्ची फिरवली. चार नामवंत गायक पाठ करून बसतात, आवाज आवडला तर बटण दाबतात, खुर्ची वळते. एकाहून जास्त खुर्च्या वळल्या की पारडं उलटतं: आता नवखा निवडणार आणि नामवंत त्याची मनधरणी करणार. आवाज बंद करून पाहिलं तरी काय घडलं ते कळतं, इतकं ते बोलकं. अमेरिकेत २०११ मध्ये, भारतात २०१५ मध्ये तीच लाल खुर्ची वळली. २०१५ मध्ये ब्रिटनच्या आयटीव्हीनं डे मोल यांची निर्मितीसंस्था घेतली ती प्रामुख्यानं या खुर्चीसाठी.

जानेवारी २०२२ मध्ये याच कार्यक्रमाच्या पडद्यामागे लैंगिक गैरवर्तन झाल्याचे आरोप एका पत्रकारी यूट्यूब कार्यक्रमातून बाहेर आले आणि वाहिनीनं तो थांबवला. त्याच यूट्यूब कार्यक्रमातल्या मुलाखतीत डे मोल यांचा रोख असा राहिला, की स्त्रियांनी वेळीच तक्रार करायला हवी होती. दुसऱ्याच दिवशी त्यांच्याच कंपनीतल्या स्त्रियांनी वर्तमानपत्रात पानभर जाहिरात देऊन, दोष स्त्रियांचा नाही, असं त्यांना जाहीरपणे सुनावलं. डे मोल यांना माफी मागावी लागली. तक्रार करायला सोपी वाट नसेल तर माणसं गप्प बसतात, आणि वाट आखणं हेही नियमांचंच काम असतं. कोणता नियम माणसाला कसं वागायला लावतो हे ज्याला साऱ्या जगापेक्षा जास्त कळत होतं, त्यानंच इथे वागण्याचा दोष माणसांवर टाकला होता.

डे मोल अजून निवृत्त झालेले नाहीत. २०२३ मध्ये त्यांच्या कंपनीनं ‘द फ्लोअर’ आणला: चौकटींच्या भल्यामोठ्या फरशीवर शंभर माणसं उभी, प्रत्येकाच्या पायाखाली एक चौकोन आणि एक विषय, शेजाऱ्याला हरवून त्याची जागा बळकावायची. पुढच्याच जानेवारीत तो अमेरिकेत पोहोचला. आता असा कुठलाही कार्यक्रम लागला आणि कोणी रडलं, कोणी कोणावर उलटलं, की स्पर्धकाच्या स्वभावाची चिरफाड करण्याआधी एक प्रश्न विचारून बघा: असं वागणं इथे फायद्याचं कोणत्या नियमामुळे झालं? बहुतेक वेळा उत्तर सापडेल. मग हाच प्रश्न ऑफिस, शाळा, सोसायटीची सभा यांनाही लावता येतो, आणि तिथले नियम बदलायला कोणाकडून हक्क विकत घ्यावे लागत नाहीत.